इराकी दिनार कपाटात जपून ठेवणाऱ्या मराठी मंडळींस खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काहींनी पंचवीस हजारांच्या इराकी नोटा प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवल्या आहेत. काहींनी त्यासाठी मुदत ठेव मोडली, एक-दोघांनी बायकोच्या बांगड्या गहाण टाकल्या. रोज रात्री मोबाइलवरच्या दिनार-गटात निरोप येतो, ‘या आठवड्यात आरव्ही नक्की’. आरव्ही म्हणजे पुनर्मूल्यांकन. बगदादचे सरकार एका सकाळी दिनारचा भाव पूर्वीसारखा ३ डॉलर २२ सेंट करणार आणि दहा लाख दिनारवाला रातोरात कोट्यधीश होणार, असा त्याचा अर्थ तुम्हाला सांगितला गेला आहे.

मी नोकरीची सगळी वर्षे कुवेतमध्ये मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर काढली. आता गावी असतो. आखातातून आलेला माणूस म्हणून तुमच्यातले कितीतरी जण नोटा दाखवायला माझ्याकडे येतात आणि प्रत्येक जण तेच एक वाक्य बोलतो, ‘कुवेतचं झालं, तसंच इराकचं होणार.’ हे वाक्य ऐकले की गप्प बसवत नाही. कारण कुवेतचे काय झाले ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

२ ऑगस्ट १९९० ला, गुरुवारी पहाटे, इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. बुधवारी संध्याकाळी आम्ही काउंटर बंद केला तेव्हा एका कुवेती दिनारला साठेक रुपये मिळत होते. डॉलरमध्ये मोजले तर जवळजवळ साडेतीन डॉलर. पुढे इराकने कुवेत आपला प्रांत म्हणून जाहीर केला, कुवेती दिनार आणि इराकी दिनार एकाच किमतीचे ठरवले आणि नंतर कुवेती नोट चलनातूनच काढून टाकली. इराकी दिनारचा खरा बाजारभाव त्याच्या कितीतरी खाली होता. म्हणजे लोकांच्या बचतीवर हा उघड दरोडा होता. आम्ही जॉर्डनच्या अम्मानला पोहोचलो तेव्हा खिशात कुवेती नोटा होत्या. तिथल्या सराफाने माझी वीस दिनारची नोट हातात घेतली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली आणि एक शब्द न बोलता काचेखालून परत सरकवली. नोट खरी होती, शाई तीच, कागद तोच. पण त्या नोटेमागे कोणी उभे आहे याची खात्री त्याला नव्हती. एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानहून मुंबईत आणले, त्यांतल्या कित्येकांच्या पिशव्यांत अशाच नोटा होत्या.

फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस कुवेत मुक्त झाले. तेलाच्या सहाशेहून अधिक विहिरी पेटलेल्या होत्या, दुपारी दिवे लावावे लागत. अशा अवस्थेत २४ मार्चला कुवेतच्या मध्यवर्ती बँकेने नव्या नोटा काढल्या आणि जुन्या बदलून द्यायला सुरुवात केली. इराकींनी तिजोरीतून लुटलेल्या नोटांचे क्रमांक बँकेकडे होते. त्या नोटा रद्द ठरल्या. दिनार पुन्हा जुन्या भावाच्या आसपास उभा राहिला. इथवर तुमच्या गटातले लोक सांगतात ते बरोबर आहे. मात्र हे कशाच्या जोरावर झाले, ते कोणी सांगत नाही.

कुवेतची खरी तिजोरी कुवेतमध्ये नव्हतीच. भावी पिढ्यांसाठीचा राखीव निधी त्यांनी १९७६ मध्ये काढला होता आणि त्याची गुंतवणूक परदेशांत पसरलेली होती. तिचा मोठा कारभार लंडनच्या कार्यालयातून चालत असे. ऐंशीच्या दशकात काही वर्षे या गुंतवणुकीचे उत्पन्न तेलाच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाले. सरकार सौदी अरेबियातल्या ताइफमध्ये परागंदा होते, तरी पैसा त्याच्याच हाती होता. लोकसंख्या थोडी, नोटा मोजक्या, कुठली नोट कुठे गेली याचा हिशेब पक्का. पुढे बँकांची थकीत कर्जेही सरकारने स्वतःच्या अंगावर घेतली. थोडक्यात, दिनारचा भाव वाढवायचा म्हणून कुवेतने काही केले नव्हते. भावाला साजेशी मालमत्ता आधीपासून होती, मधले सात महिने चोर घरात बसला होता, तो गेल्यावर भाव जागेवर आला.

आता इराककडे या. ३ डॉलर २२ सेंट हा आकडा कुठून आला? ऐंशीच्या दशकात इराकचा तो सरकारी दर होता. इराणशी आठ वर्षे युद्ध चालू होते, कर्जाचा डोंगर वाढत होता, काळ्या बाजारात दिनार कितीतरी स्वस्त मिळे. पण सरकारी फलकावर दर तोच राहिला. म्हणजे तुम्ही ज्या ‘जुन्या भावाची’ वाट पाहता, त्या भावाने तेव्हाही सामान्य माणसाला सहजी डॉलर मिळत नव्हता.

कुवेतवरच्या हल्ल्यामुळे १९९० मध्ये इराकवर आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीचे निर्बंध आले, त्यानंतर जे झाले ते नीट समजून घ्या, कारण चलनावरचा विश्वास कशाने टिकतो आणि कशाने जातो याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरा ठाऊक नाही. तोवर इराकच्या नोटा ब्रिटनमध्ये छापल्या जात. त्यांच्या छपाईच्या प्लेट स्वित्झर्लंडच्या म्हणून लोक त्यांना ‘स्विस दिनार’ म्हणत. निर्बंधांमुळे छपाई बंद पडली. बगदादने सद्दामचे चित्र असलेल्या नोटा स्वतः छापायला घेतल्या. कागद निकृष्ट, खोट्या नोटांचा सुळसुळाट, आणि सरकारला पैसे लागले की छापखाना चालू. १९९३ मध्ये बगदादने पंचवीसची स्विस नोट रद्द केली आणि सीमा बंद ठेवल्या, त्यामुळे उत्तरेतल्या कुर्दांना त्या नोटा बदलूनच घेता आल्या नाहीत.

मग कुर्दांनी काय केले? त्याच रद्द नोटा वापरत राहिले. त्यांच्यामागे ना सरकार, ना मध्यवर्ती बँक, ना सोने. नोटा फाटत होत्या, चिकटपट्टी लावून फिरत होत्या. आणि त्या टिकल्या! सद्दामच्या नोटा शेकड्यांनी घसरत असताना स्विस दिनार आपली किंमत राखून राहिला, सद्दामची राजवट जाणार असे दिसू लागल्यावर उलट वधारला. कारण त्या नोटा आणखी छापणे कोणाच्याही हातात नव्हते. २००३ मध्ये नवी नोट आली तेव्हा सद्दामच्या एका दिनारला एक नवा दिनार मिळाला आणि एका स्विस दिनारला १५०. जुनी नोट जपून ठेवणाऱ्याचे भले झाले असे म्हणायचे, तर हे कुर्द. त्यांचे भले नोटांच्या टंचाईने केले, आणि हाच धागा धरून पुढचे वाचा.

२००३ ची नोटबदली ही युद्धानंतरच्या काळातली मोठी कामगिरी होती, हे मी मनापासून मान्य करतो. मार्चमध्ये अमेरिकेचे इराकवरचे युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर सद्दामच्या मुलाने मध्यवर्ती बँकेतून जवळजवळ शंभर कोटी डॉलरची रोकड ट्रकांत भरून नेली होती. नंतर इमारत लुटली गेली, जळाली. लोकांकडे मुख्यतः २५० च्या आणि दहा हजारांच्या नोटा होत्या, आणि दहा हजारांची नोट खोटी असेल या भीतीने लोक ती कमी किमतीला घेत. अशा देशात १५ ऑक्टोबर २००३ ते १५ जानेवारी २००४ या तीन महिन्यांत देशभरातल्या बँक शाखांमधून सगळे चलन बदलले गेले. नवी नोट परदेशात छापून विमानांनी आणली, ती बनवायला अवघड होती आणि तिच्यावर कोणा राज्यकर्त्याचा चेहरा नव्हता. पंचवीस हजारांच्या नोटेवर गव्हाची पेंढी घेतलेली कुर्द शेतकरी बाई आहे आणि मागे हम्मुराबी. दहा हजारांच्या नोटेवर गणिती इब्न अल-हैथम, मागे मोसुलचा अल-हदबा मिनार. हा मिनार २०१७ मध्ये मोसुलच्या लढाईत जमीनदोस्त झाला, नोटेवर मात्र होता तसाच उभा राहिला.

मार्च २००४ मध्ये मध्यवर्ती बँकेचा नवा कायदा आला आणि त्याने सरकारला उसने पैसे द्यायला बँकेला मनाई केली. माझ्या मते नव्या नोटेपेक्षाही हे कलम मोठे. नोव्हेंबर २००४ मध्ये पॅरिस क्लबच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्या सरकारांच्या गटातल्या देशांनी इराककडून असलेल्या आपल्या ३८.९ अब्ज डॉलरच्या येण्यांपैकी ८० टक्के टप्प्याटप्प्याने सोडून द्यायचे कबूल केले. २००६ मध्ये महागाई वर्षाला पन्नास टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर सिनान अल-शबीबी यांनी व्याजदर वीस टक्क्यांवर नेला आणि दिनारला हळूहळू मजबूत होऊ दिले. डॉलरचा दर साधारण १,४८० वरून १,२०० च्या घरात आला आणि महागाई उतरली. रोज बॉम्ब फुटत असताना हे साधले.

शेअर बाजाराची गोष्टही सांगण्यासारखी आहे. जुना बगदाद शेअर बाजार युद्धात बंद पडला होता. तो आधुनिक करण्याचे काम अमेरिकी प्रशासनाने वित्ताचा काही अनुभव नसलेल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाकडे दिले. संगणक, नवे कायदे असे मोठे बेत झाले आणि महिने गेले. शेवटी इराकी दलालांनीच २४ जून २००४ ला बाजार उघडला. भिंतीवर पांढरे फळे, हातात मार्कर, सौदा झाला की भाव पुसून नवा लिहायचा. पहिल्या दिवशी पंधरा कंपन्या होत्या. संगणकावरचे व्यवहार २००९ मध्ये आले. मला त्या दलालांबद्दल फार आदर वाटतो. बाजार यंत्रांनी उभा राहत नाही, समोरचा माणूस उद्या शब्द पाळेल या खात्रीने राहतो, आणि ती खात्री त्यांनी एकमेकांना दिली.

मग एवढे सगळे झाले, तरी दिनार तीन डॉलरवर का जाणार नाही?

ऑक्टोबर २०१२ मध्ये शबीबी परदेशात बैठकीला गेले असताना त्यांना पदावरून दूर केले गेले, त्यांच्या नावाने अटकेचे वॉरंट निघाले. सरकारला बँकेच्या परकीय चलनाच्या गंगाजळीला हात लावू द्यायला ते तयार नव्हते, हे बगदादमध्ये सगळ्यांना माहीत होते. ‘नाही’ म्हणणारा गव्हर्नर जिथे टिकत नाही तिथल्या नोटेवर कोण किती विसंबणार? त्यानंतर २०१४ मध्ये आयसिसने मोसुल घेतले. २०२२ मध्ये सरकारी राफिदैन बँकेतल्या कर खात्याच्या ठेवींतून सुमारे २५० कोटी डॉलर लुटले गेल्याचे बाहेर आले, इराकी लोक त्याला शतकातली चोरी म्हणतात. छापलेल्या बहुतेक नोटा आजही बँकांबाहेर, लोकांच्या घरात असतात. इराकी माणसालाच आपल्या बँकेवर भरवसा वाटत नाही, हे याचे सरळ उत्तर.

आणि भावाचे म्हणाल तर, सरकारने स्वतः काय केले ते पाहा. डिसेंबर २०२० मध्ये तेलाचे भाव पडले, पगार द्यायला पैसे पुरेनात, तेव्हा डॉलरचा दर १,१९० वरून १,४५० केला. दिनारची किंमत एका फटक्यात उतरवली! सरकारचे नव्वद टक्क्यांच्या आसपास उत्पन्न डॉलरमधल्या तेलातून येते आणि खर्च, त्यात लाखो कर्मचाऱ्यांचे पगार, दिनारमध्ये होतो. दिनार स्वस्त झाला की त्याच तेलातून जास्त दिनार मिळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये दर पुन्हा १,३०० वर आणला. तुमच्या गटात त्या दिवशी पेढे वाटल्यासारखे निरोप फिरले. पण बाहेरच्या बाजारात डॉलर त्यानंतरही १,५०० च्या आसपास विकला जात होता, कारण डॉलर देशाबाहेर पळवले जाऊ नयेत म्हणून अमेरिकेने तपासणी कडक केली होती. इराकच्या तेलाचे पैसे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या खात्यात जमा होतात, हे लक्षात घ्या. कुवेतची तिजोरी लंडनमध्ये होती ती कुवेतच्या मर्जीने. इराकच्या तिजोरीची किल्ली पूर्णपणे इराकच्या हातात नाही. शिवाय कुवेतला युद्धाची भरपाई मिळाली आणि ती इराकने दिली. कुवेतसह सगळ्या दावेदारांना मिळून ५२.४ अब्ज डॉलर. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये फिटला. एक देणेकरी आणि एक घेणेकरी, दोघांची गोष्ट एकच कशी असेल?

आता एक हिशेब. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. इराकमध्ये चलनात असलेल्या नोटा सुमारे १०० लाख कोटी दिनारच्या आहेत. एक दिनार ३ डॉलर २२ सेंटचा झाला, तर या नोटांची किंमत ३२२ लाख कोटी डॉलर होईल. साऱ्या जगाचे वर्षभराचे उत्पन्न २०२३ मध्ये १०० लाख कोटी डॉलरपेक्षा थोडेसेच जास्त होते. म्हणजे सगळ्या जगाने तीन वर्षे कमावलेले सगळे इराकच्या हवाली केले, तरच तुमची नोट त्या भावाने वटेल. इराककडे शंभर अब्ज डॉलरची गंगाजळी आहे असे तुम्हाला सांगतात. खरे आहे, एका वेळी तेवढी झाली होती. शंभर अब्ज डॉलर म्हणजे दहा लाख कोटी रुपयेसुद्धा नाहीत, आणि ती आजच्या दरानेच नोटांना टेकू देण्यात गुंतलेली आहे.

‘तीन शून्ये काढणार’ ही बातमीही फिरते. इराकची मध्यवर्ती बँक हा विचार कित्येक वर्षे बोलून दाखवते आहे. समजा काढली, तर पंचवीस हजारांच्या नोटेच्या बदल्यात पंचवीसची नवी नोट मिळेल आणि बगदादच्या बाजारात तेवढीच भाकरी-मटण येईल. तुर्कस्तानने २००५ मध्ये सहा शून्ये काढली, त्याने कोणी श्रीमंत झाले नाही. जर्मनीत तर १९४८ च्या जूनमध्ये नवा मार्क आला तेव्हा बँकेत शंभर जुने मार्क असलेल्याच्या हातात अखेर साडेसहा नवे पडले. दुसऱ्या दिवशी दुकाने मालाने भरली, अर्थव्यवस्था उठली, पण किंमत जुने कागद धरून बसलेल्याने मोजली. युद्धानंतर चलन सावरते ते बहुतेक वेळा असेच.

आपल्या आखाती घरांना तर हे वेगळे सांगायला नको. १९३२ पर्यंत इराकमध्ये आपला रुपया चाले. तिथला पहिला दिनार १३⅓ रुपयांचा होता. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत रुपया होता, शेवटची दोन वर्षे तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास नोटा छापल्या. जून १९६६ मध्ये दिल्लीने रुपयाचे अवमूल्यन केले आणि दुबई, कतार यांनी रुपया सोडला. वडीलधाऱ्यांना विचारा, परक्या देशाच्या निर्णयाने खिशातली नोट एका दिवसात हलकी होते म्हणजे काय.

मागच्या महिन्यात एक मावशी आल्या होत्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. विम्याच्या पैशातून चाळीस नोटा घेतल्या होत्या, दहा लाख दिनार. मी एक नोट भिंगाखाली पाहिली. नोट अस्सल होती. त्या दिवशीच्या दराने एका नोटेचे साधारण १९ डॉलर होत होते. त्यांनी किती दिले ते त्यांनी सांगितले तेव्हा मला हिशेब पुन्हा करावा लागला, जवळजवळ दुप्पट. आणि आपल्या गावात, जिल्ह्यात, कुठल्याही बँकेत ती नोट कोणी बदलून घेणार नव्हते. ‘पण भाऊ, नोट खरी आहे ना?’ असे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

अमेरिकेत हा धंदा फार मोठा झाला होता. अटलांटाच्या स्टर्लिंग करन्सी ग्रुपने साठ कोटी डॉलरहून अधिक धंदा केला आणि २०१८ मध्ये ज्युरीने तिच्या चालकांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवले. तिथेही विकलेल्या नोटा खऱ्याच होत्या. खोटे होते ते त्यांच्याबरोबर विकलेले आश्वासन.

म्हणून विनंती करतो. आणखी नोटा घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या परवानाधारकाशिवाय दुसऱ्याकडून परकीय चलन विकत घेणे फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, तेव्हा बुडाले तर तक्रार करतानाही तुमचीच अडचण होईल. घेतलेल्या असतील तर आखातात जाणाऱ्या घरच्या माणसाकडून तिथल्या परवान्याच्या एक्स्चेंजमध्ये आजचा भाव विचारा आणि मिळेल तो घेऊन मोकळे व्हा. इराकची भरभराट व्हावी, त्यांचा दिनार हळूहळू का होईना पक्का व्हावा, ही माझीही इच्छा आहे. तो पक्का झाला तर त्याचा फायदा बसरा आणि मोसुलच्या लोकांना पगाराच्या दिवशी मिळेल, तुमच्या कपाटात नाही.

आणि जे आपल्याच माणसांना या नोटा विकत आहेत, गटांचे अॅडमिन म्हणून रोज रात्री तारखा देत आहेत, त्यांनाही सांगतो. तुमच्यातल्या काहींना स्वतःला हे सगळे खरेच वाटत असेल. तरीही ज्या घरात कमावता माणूस नाही, त्या घराला विकलेल्या नोटा परत घ्या आणि घेतले तेवढे पैसे परत द्या. कोणाला हिशेब समजून घ्यायचा असेल, भिंगाखाली नोट पाहायची असेल, तर माझे दार उघडे आहे. रविवारी सकाळी मी घरीच असतो.

आपला,
कुवेतमध्ये मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर नोकरी केलेला एक गावकरी
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी